आगीच्या पाण्याचा राखणदार

अकोल्याबाहेरच्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्यात अब्दुल रहीम वीसेक वर्षं आगीचं इंजिन सांभाळतो. म्हणजे हौदातलं पाणी आवारातल्या लाल हायड्रंटांपर्यंत ढकलणारा डिझेल पंप. आग रोज लागत नाही, त्यामुळे या नोकरीत मुख्य काम एकच: हौद भरलेला असताना लोकांना नाही म्हणणं. वऱ्हाडात लोक उन्हाळ्यात पाणपोई घालून पुण्य कमावतात. रहीमनं तेवढ्याच निष्ठेनं उलट कमाई केली. लग्नाच्या मांडवाला नाही, घर बांधणाऱ्याला नाही, मालकाच्या मेव्हण्याच्या गाडीलाही नाही.

"हे पाणी आगीचं आहे."

"आग कुठी आहे मंग?"

"लागली का सांगतो."

हा नियम एकाच गोष्टीसाठी वाकला. कारखान्यामागच्या टिनांच्या घरांतली मनकर्णाबाई दसऱ्याला बायका घेऊन आली. डोक्यावर नवरात्रातले घट, त्यांच्या टोपल्यांत वीतभर उगवलेला गहू. नाल्यातून आता पाण्यापेक्षा दुसरंच काही वाहत होतं आणि वस्तीच्या विहिरीवर जाळी बसली होती. घट पाण्यात शिरवायचे कुठे?

"भाऊ, आमी पाणी न्याले नाही आलो," ती म्हणाली. "द्याले आलो."

नेणाऱ्यांसाठी रहीमकडे नियम होता, देणाऱ्यांसाठी नव्हता. शिवाय त्याच्या हाताखालच्या गोपाल फिटरनं नाही म्हटलं असतं, तर ते गोपालचं नाही ठरलं असतं. अब्दुल रहीमचं नाही संध्याकाळपर्यंत कुणाकुणाचं ठरेल, हे कळण्याइतका पेपर तो वाचत होता. घट हौदात गेले. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता त्यानं बांबूला जाळी बांधून मुळं, टोपल्या, लाल कापड असं सगळं अलगद वर काढलं आणि बाभळीखाली पुरलं. पुढे दरवर्षी हेच. हौद सगळं पोटात घेतो म्हणून बायकांचा त्याच्यावर विश्वास वाढत गेला.

यंदा दसऱ्याला रहीम परतवाड्याला होता. मुलगी कहकशाँ बाळंत व्हायची होती. जाताना जाळीचा बांबू गोपालच्या हाती देऊन तो म्हणाला, "दुसऱ्या दिवशी काढून टाकजो. बोभाटा नको करू." गोपालनं मान हलवली.

तो परतला तेव्हा हंगाम सुरू झाला होता. पहिल्याच दुपारी एका ट्रॅक्टरच्या सायलेन्सरची ठिणगी कापसाच्या गंजीवर पडली. कापसाची आग आधी वरून धावते, मग आत जाऊन बसते. गंजीमागे भिंत, भिंतीमागे मनकर्णाबाईची टिनं, आणि वारा तिकडचाच. अकोल्याहून बंब निघाल्याचा फोन आला. निघालेला बंब आणि आलेला बंब यांच्यामध्ये रेल्वेचं फाटक असतं.

रहीमनं इंजिन सुरू केलं. हायड्रंटला जोडलेला पाइप एकदा फुगला, शिंकल्यासारखं थोडं पाणी टाकलं आणि चपटा पडला.

"गोपाल, घट काढले होते ना?"

गोपाल गंजीकडे पाहत राहिला. "शिरवलेलं बाहीर कसं काढू, चाचा? हातच नाही झाला."

"मले काहून नाही सांगितलं?"

"तुमी आज तं आले."

यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं. रहीमनं इंजिन बंद करायला लावलं आणि तो सदऱ्यासकट हौदात उतरला. पाणी ओढणाऱ्या पाइपचं जाळीदार तोंड तळाशी होतं. हाताला लागली ती गव्हाच्या मुळांची घोंगडी, जाळीत घट्ट ओढली गेलेली. मूठभर सुटली. वर आला तेव्हा धूर हौदावर पोचला होता आणि भिंतीपलीकडे बायका पोरांना नावानं हाका मारत होत्या. तो पुन्हा खाली गेला. लाल कापडाचं टोक हाती आलं, पण सुटेना. छाती फुटायला आली तेव्हा वर येऊन त्यानं श्वास घेतला आणि परत बुडी मारली. या खेपेला दोन्ही पाय तळाला टेकवून ओढलं. कापड, मुळं, टोपलीच्या कांब्या एकदमच निघाल्या.

पंपात हवा शिरली होती, गोपालनं बादल्यांनी पाणी ओतून तो भरला. "सुरू करू?"

"कर."

पाइप ताठ झाला. रहीमनं पहिली धार भिंतीवर आणि टिनांवर धरली, मग गंजीवर. बंब आला तोही याच हौदावर भरला. अर्धी गंजी गेली. टिनांना झळ लागली, एवढंच.

मॅनेजर किशोरबाबू विझल्यासारखी आग पाहून आले. "पाइपात काय अडकलं होतं, रहीमभाई?"

गोपालच्या ओंजळीत तो ओला गोळा होता. आता मात्र त्याचा हात झाला होता.

"गवत, साहेब," रहीम म्हणाला.

"हौदात गवत?"

"उगवते कधी कधी."

किशोरबाबू विम्याच्या माणसाला फोन लावायला गेले. मागे बादली घेऊन मनकर्णाबाई उभी होती. तिनं गोळ्यातलं लाल कापड ओळखलं.

"भाऊ, दरसाल तुमीच काढत होते?"

"कोणी तं काढणारच, बाई."

"मंग सांगाचं ना आमाले. कठड्यावर टोपलं ठेवलं असतं, चूळभर पाणी शिंपडलं असतं अन् वापस नेलं असतं. देव का बुडी मारून पाहते?"

हे ती जळक्या गंजीसमोर उभी राहून म्हणत होती. पहिल्या दसऱ्याला म्हणाली असती का, कुणास ठाऊक. रहीमनं कधी विचारलंच नव्हतं.

तो इंजिनाकडे वळला. आग गंजीच्या आत अजून बसलेली होती, आणि हौद अर्ध्याच्या खाली गेला होता.