प्रभावळ मागे राहिली

बाप्पांचं विसर्जन यथासांग झालं, पण त्यांची प्रभावळ गेली नाही. ती आमच्या टीव्हीत राहिली.

पुण्यात नोकरी करणाऱ्या लेकीने आजीला कीर्तनं बघता यावीत म्हणून मोठा ओएलईडी टीव्ही पाठवला होता. तिच्या पगारातली पहिली मोठी खरेदी. यंदा मखर करायचा मला कंटाळा आला होता; घरात मी त्याला पाठदुखी म्हणत होतो. मूर्ती टीव्हीपुढे बसवली आणि पडद्यावर सोनेरी प्रभावळीचं चित्र लावून ठेवलं. पाच दिवस, भगभगीत उजेडात. दर्शनाला आलेली आमची अख्खी गुजराती सोसायटी "वाह काका, शुं आयडिया छे!" म्हणाली. आरतीपेक्षा मी तेच मन लावून ऐकलं.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी लेक यायची होती. सकाळी टीव्ही लावला, तर बातम्या देणाऱ्या बाईंच्या डोक्यामागे काळपट कमान. चॅनेल बदललं. क्रिकेटच्या मैदानातही कमान.

"अहो, ती काय म्हणेल?" बायकोने विचारलं. 

लहरीपुऱ्याच्या बाजारातल्या टीव्हीच्या दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, यात प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो. एकच चित्र फार वेळ ठेवलं की तेवढे ठिपके दमतात, मंद पडतात. याला बर्न-इन म्हणतात.

"म्हणजे जळला?" मी ओरडलो.

"सणासुदीचं जळला म्हणू नये रे," आतून आई.

"काका, कदाच जतुं पण रहे," दुकानदार म्हणाला; म्हणजे डाग कदाचित जाईलही. सेटिंगमध्ये जाऊन पिक्सेल रिफ्रेश चालू करा. तासभर पडदा काळाच राहील. "पण मेन स्विच बंद नै करवानो हं! रोज रिमोटथी बंद करो, पछी ए जाते थोडी सफाई करे छे."

म्हणजे रिमोटने बंद केला, की टीव्ही आपला आपण थोडा साफ होतो. आमच्या घरात वडिलांपासूनचा नियम आहे: रिमोटने बंद केलेला टीव्ही बंद नव्हेच. भिंतीवरचं बटण बंद झाल्याशिवाय आई पाठ टेकत नाही. बिचाऱ्याला आल्यापासून अंग पुसायलाही कुणी दिलं नव्हतं.

रिफ्रेश सुरू केलं. पडदा काळा, खाली एक लाल दिवा. लेकीचा मेसेज आला: गाडी वेळेच्या आधीच पोचली, रिक्षात बसते. आणि आई काठी टेकत बाहेर आली, नजर थेट त्या लाल दिव्यावर.

"वीज खातोय मेला," म्हणत तिने भिंतीवरच्या बटणाकडे हात लांब केला.

"आई, हात नको!"

"का? शॉक मारतोय?"

मी स्टूल ओढून बटणाला पाठ लावून बसलो. दार वाजलं तरी उठलो नाही. बायकोने उघडलं.

"बाबा, इथे कोपऱ्यात का बसलात?"

"पाठ," मी म्हणालो.

"याने तुझ्या टीव्हीत बाप्पा बसवले होते," आईने एका दमात सांगून टाकलं.  लेक बॅग खांद्यावर तशीच ठेवून टीव्हीसमोर उभी राहिली. मला ती रागावायला हवी होती. हे नुसतं उभं राहणं सोसवेना.

तास भरला, लाल दिवा विझला. तिने रिमोट घेतला, पडदा पांढरा केला, जवळ गेली, लांब गेली. मी स्टुलावरूनच विचारलं,

"दिसतंय का गं?"

"थोडंसं. डावीकडे." तिने वळून पाहिलं. "पण त्याहून जास्त तुमच्या तोंडावर दिसतंय."

मग बॅग खाली ठेवून तिने आधी उजेड कमी केला, आणि चित्र फार वेळ थांबलं तर पडदा आपोआप मंद होईल असं काहीतरी लावून दिलं. "पुढच्या वर्षी मखर पुठ्ठ्याचं," ती म्हणाली. "आणि पाठ दुखली, तर मी येईन चिकटवायला."

संध्याकाळी कीर्तन संपलं. तिने रिमोटने टीव्ही बंद केला. आई सवयीने उठली.

"आजी!" "आई!" "सासूबाई!"

"बरं बाई," आई पुन्हा बसत म्हणाली, "आंघोळ करू द्या त्याला."