पहिली खेप

थॅडियस स्पाइट यांना कोणी विचारलं, "तुम्ही कुठले?" तर ते विलिस क्रॉसिंग हे गावाचं नाव सांगत नसत. नॉर्थ कॅरोलायनाही म्हणत नसत. म्हणत, "मोय हायस्कूल. एकावन्नची बॅच." समोरचा फिलाडेल्फियाचा असो की परका गोरा पाद्री, उत्तर हेच. चर्चमध्ये ईस्टरला सगळे पुरुष फिकट रंगाचे सूट घालून यायचे. मिस्टर थॅडियस मात्र शाळेच्या रंगाचा मरून टाय लावून तिसऱ्या बाकावर बसलेले असायचे.

त्यांची बायको मिस ऑर्थेलिया (आमच्याकडे लग्न झालेल्या बाईलाही मानाने मिसच म्हणतात) सांगायची, "लग्नाआधी मी यांना विचारलं, मी जास्त आवडते की ती शाळा? तर म्हणाले, शाळा मला आधी भेटली."

शाळेचा इतिहास त्यांना पाठ होता, आणि त्यांनी तो सांगायला घेतला की आम्ही मुलं पळ काढायचो. पण तो खोटा नव्हता. काळ्यांच्या मुलांना आठवीपुढे शिकवायला जिल्ह्याकडे इमारत नव्हती, तेव्हा रेव्हरंड इसाया मोय यांनी एकोणीसशे तेवीस साली लोकांना दलदलीतलं लाकूड तोडायला लावलं. दिवसभर तंबाखूच्या शेतात राबलेले पुरुष संध्याकाळी करवती घेऊन जायचे. बायका दर शनिवारी तळलेले मासे आणि रताळ्याची भाजलेली गोड पाई विकायच्या. विटा रेल्वेच्या रुळांपाशी उतरवल्या होत्या. तिथून जागेपर्यंत त्या मुलांनी वाहिल्या, एका खेपेला दोन. मिस्टर थॅडियस यांची आई तेव्हा नऊ वर्षांची होती.

"जिल्ह्याने आम्हाला काय दिलं?" ते विचारायचे आणि स्वतःच उत्तर द्यायचे. "गोऱ्यांच्या शाळेतली टाकून दिलेली पुस्तकं. आत नाव लिहायच्या पानावर जागाच उरलेली नसायची. आर्टिस सरांनी काय केलं? त्या पानावर पांढरा कागद चिकटवायला लावला. म्हणाले, पुस्तक जुनं असेल, तुमचं नाव जुनं नाही."

आर्टिस सर म्हणजे आमचे मुख्याध्यापक. मिस्टर थॅडियस कोरियाच्या लढाईवरून परत आले तेव्हा सरांनीच त्यांना शाळेत कामाला घेतलं. झाडलोट, बॉयलर, फुटक्या काचा, गळकं छप्पर, सगळं त्यांच्याकडे. त्यांचा एक चुलतभाऊ टोमणा मारायचा, "बास्केटबॉलचा कप जिंकलास तिथे, आणि आता तिथलीच लादी पुसतोस? लाज नाही वाटत?"

"तू आईचं घर झाडत नाहीस का रे?" मिस्टर थॅडियस म्हणायचे. "मग आधी तिची माफी माग."

शाळेच्या लांब व्हरांड्यात, ऑफिसच्या दारापासून सुरुवात करून, दर वर्षीच्या बॅचचा चौकटीतला फोटो होता. पहिला सत्तावीसचा. ते रोज सकाळी सगळ्या काचा पुसायचे. मी स्वतः पाहिलंय, पुसताना ते माणसांची नावं पुटपुटायचे.

एकोणसत्तर साली मी अकरावीत होते. मे महिन्यात जाहीर झालं की ऑगस्टपासून आम्ही सगळे गावातल्या मोठ्या शाळेत, गोऱ्या मुलांबरोबर. त्यासाठी आमचीच माणसं कोर्टात लढली होती. चर्चमध्ये प्रार्थना झाली, टाळ्या झाल्या. मग हळूहळू लक्षात आलं की दोन शाळांची एक करायची म्हणजे आमची बंद करायची. बावीस वर्षं मुख्याध्यापक असलेल्या आर्टिस सरांना नव्या शाळेत पुस्तकांच्या खोलीवर नेमलं. पुस्तकं द्यायची, परत घ्यायची, सही घ्यायची. आणि झाडलोट करणाऱ्या थॅडियस स्पाइट यांची नोकरी शाबूत राहिली. ही गोष्ट त्यांना आयुष्यभर खुपली.

जुलैमध्ये जिल्हा ऑफिसातला एक साहेब आला. आमची इमारत बाकं ठेवायला गोदाम म्हणून वापरायची होती. पुढचं सगळं मी मिस्टर थॅडियस यांच्याच तोंडून ऐकलंय, एकदा नव्हे, अनेकदा, आणि त्यांनी त्यातला एक शब्द कधी बदलला नाही.

साहेब म्हणाला, "भिंती आणि कपाटं मोकळी करून टाक. सोमवारी रंगारी येतील."

"आणि सामान कुठे ठेवू?"

"ठेवायचं काय? कचरा डेपोवर टाक."

"साहेब, यात राज्याचा कप आहे. फोटो आहेत."

"नवीन शाळेत नवीन कप मिळतील," साहेब म्हणाला. तो रागाने बोलला नाही. मिस्टर थॅडियस नेहमी सांगायचे, तो रागावला असता तर बरं झालं असतं.

त्यांना चार मुलं होती. त्यांनी ट्रक दाराशी लावला. फोटो भिंतीवर ज्या क्रमाने होते त्या क्रमाने काढले, सत्तावीसपासून चव्वेचाळीसपर्यंत. हजेरीपटांची बाडंही वर ठेवली. भर दुपारी कचरा डेपोवर नेलं आणि उतरवलं. ते तिथे उभे असतानाच बुलडोझरने त्यावर माती लोटली. काचा फुटल्याचा आवाज यंत्राच्या आवाजात ऐकूसुद्धा आला नाही.

परत येऊन त्यांनी दुसरी खेप भरली. पंचेचाळीसपासून पुढचे फोटो, कप, बँडचे झेंडे, रेव्हरंड मोय यांची तसबीर. ट्रक काढला. डेपोकडे उजवीकडे वळायचं होतं. ते डावीकडे वळले आणि आईच्या शेतावर गेले. तिथे तंबाखू वाळवायची एक जुनी कोठी होती. सगळं आत रचलं, गोणपाट टाकलं, कुलूप घातलं. संध्याकाळी साहेबाने विचारलं, "झालं?" तर म्हणाले, "झालं."

ही गोष्ट फक्त मिस ऑर्थेलियाला ठाऊक होती. नोकरी होती तोवर बोलायची सोय नव्हती. निवृत्त झाल्यावर सोय झाली, पण तोवर तोंड उघडणं अवघड होऊन बसलं होतं.

चौऱ्याण्णव साली शाळेचं पहिलं मोठं संमेलन भरलं. न्यूअर्क, बाल्टिमोर, वॉशिंग्टनहून गाड्या भरभरून लोक आले. चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये बसायला जागा नव्हती. तळलेलं चिकन, कोबी, मक्याची भाकरी, सगळं मनसोक्त झालं. मग मिस लुएला व्हाइन्स बोलायला उठल्या. तेहतीसची बॅच, वय एकोणऐंशी, चाळीस वर्षं शिक्षिका होत्या. आवाज अजून वर्गातल्यासारखाच.

"आमच्या घराला आग लागली तेव्हा माझा फोटो जळाला," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, चला, शाळेत तरी आहे. मग कळलं की शाळेतलाही फेकला. आमच्या आईबापांनी लाकूड तोडून, आम्ही पोरांनी दोन-दोन विटा वाहून जे उभं केलं ते कुणीतरी कचऱ्यात टाकलं. ज्याच्या हातांनी हे झालं, त्याला देव विचारेल."

लोक म्हणाले, "आमेन."

तिसऱ्या रांगेतून मिस्टर थॅडियस उठले. टाय सरळ केला.

"सिस्टर व्हाइन्स," ते म्हणाले, "देवाने विचारायची वाट नका बघू. ट्रक मी चालवत होतो."

त्यांनी सगळं सांगितलं. साहेब, दोन खेपा, कोठी. दुसऱ्या खेपेचं कळल्यावर मागे कुणीतरी "थँक यू, जीझस" म्हणून रडायला लागलं. मिस लुएला मात्र उभ्याच होत्या.

"पहिल्या खेपेत काय होतं?"

"सत्तावीस ते चव्वेचाळीस, मॅम."

"म्हणजे मी."

"होय, मॅम."

"म्हणजे तू मला कचऱ्यात टाकलंस, थॅडियस."

"होय, मॅम."

"आणि दुसऱ्या खेपेत?"

"पंचेचाळीसपासून पुढचे."

त्या मग म्हणाल्या, "त्यात तू होतास."

मिस्टर थॅडियस खाली बसले. मिस ऑर्थेलियाने त्यांचा हात धरला होता.

दुसऱ्या दिवशी शंभरेक माणसं कोठीवर गेली. कपांवर काजळी चढली होती, झेंडे उंदरांनी कुरतडले होते, पण फोटो सुखरूप होते. लोक आपापले चेहरे शोधत होते, हसत होते, मिस्टर थॅडियस यांच्या पाठीवर थापा मारत होते. काही जण मात्र त्यांच्याशी एक शब्द न बोलता निघून गेले. ते कुठल्या वर्षांचे होते, हे वेगळं सांगायला नको.

त्यानंतर मिस्टर थॅडियस यांनी एक वही घेतली आणि घरोघर जायला सुरुवात केली. हरवलेल्या अठरा बॅचचे फोटो कुणाच्या बायबलमध्ये, कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या सुनेच्या खोक्यात असतील, ते शोधायचे. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला, तेव्हा गाडी मी चालवायला लागले. मी पोस्टातल्या नोकरीवरून सुटले की दाराशी तयार उभे असत.

"वर्लीन पोरी, पेट्रोल आहे ना?"

"आहे. तुम्ही जेवलात का?"

"वाटेत बघू."

एकदा रिचमंडच्या रस्त्यावर मी धीर करून विचारलं, "मिस लुएला त्या दिवशी जे म्हणाल्या, ते तुम्हाला लागलं का?"

"लागलं, कारण ते खरं होतं," ते म्हणाले. "सगळे मला म्हणतात, तुला नंतर सुबुद्धी झाली. सुबुद्धी कसली? दुसऱ्या खेपेला एकावन्नची चौकट काढली, तर त्यात जेरोम हसत होता. माझ्या शेजारी बसायचा. कोरियातून परत आला नाही. त्याला कसा टाकू? पहिल्या खेपेतल्या माणसांचं मला फक्त नाव माहीत होतं. रोज काच पुसायचो, नाव घ्यायचो, आणि वेळ आली तेव्हा नुसतं नाव पुरलं नाही."

मी गाडी चालवत राहिले.

मिस लुएलांच्या दाराशी ते दर वर्षी जात. त्या जाळीच्या दारामागूनच विचारायच्या, "सापडला?" हे म्हणायचे, "अजून नाही, मॅम." की दार बंद.

सहा वर्षांनी बाल्टिमोरमध्ये तेहतीसचा फोटो सापडला, एका माणसाच्या नातीकडे, शिवणाच्या डब्यात. बॅच नऊ जणांची. मिस्टर थॅडियस यांनी तो संमेलनाच्या समितीलासुद्धा दाखवला नाही. सरळ मिस लुएलांच्या घरी चला म्हणाले. जाळीच्या दाराशी उभं राहून त्यांनी टोपी काढली.

"सापडला?"

"होय, मॅम."

दार उघडलं. मिस लुएला पंच्याऐंशीच्या झाल्या होत्या. फोटो टेबलावर ठेवून त्यांनी भिंग आणलं. एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून नाव घेतलं, बापाचं नाव घेतलं, पुढे काय झालं ते सांगितलं. कोण शिक्षक, कोण जहाजावर स्वयंपाकी, कोण विशीतच क्षयाने गेलं. मिस्टर थॅडियस उभ्या उभ्या वहीत लिहीत होते. सर्वांत शेवटी मिस लुएलांनी स्वतःवर बोट ठेवलं. गळपट्टीचा पांढरा पोशाख, अठरा वर्षांची मुलगी.

"हा पोशाख आईने पिठाच्या पोत्याचा शिवला होता," त्या म्हणाल्या. "फोटोत कळत नाही ना?"

"अजिबात नाही, मॅम."

"हं." मग त्यांच्याकडे न बघताच म्हणाल्या, "किती वेळ असा उभा राहणार आहेस? बस. रताळ्याची पाई आहे, खाऊन जा. तूही बस ग पोरी."

माफ केलं वगैरे त्या काही बोलल्या नाहीत. त्यानंतर तीन वर्षांनी वारल्या. तोवर दर महिन्याला आम्ही जायचो आणि दर वेळी पाई असायची.

दरम्यान जिल्ह्याने इमारत पाडायचं ठरवलं. आम्ही भांडलो. वर्गांची बाजू गेली, बास्केटबॉल खेळायचं मोठं सभागृह, आमचं जिम, तेवढं वाचलं. त्याच्या एका खोलीत सगळे फोटो लावले. अठरापैकी सोळा वर्षं सापडली. एकोणतीस आणि सदतीस ही वर्षं शेवटपर्यंत सापडली नाहीत. तिथे मिस्टर थॅडियस यांनी म्हाताऱ्यांना विचारून विचारून जमवलेल्या नावांच्या याद्या आहेत, त्यांच्याच अक्षरात.

समितीला खोलीला त्यांचं नाव द्यायचं होतं. ते भयंकर चिडले.

"पहिली खेप ज्याने नेली त्याचं नाव दारावर? आर्टिस सरांचं द्या. त्यांनी काही टाकलं नाही."

"पण मिस्टर थॅडियस," अध्यक्षबाई म्हणाल्या, "तुम्ही नसता तर काहीच उरलं नसतं."

"मी नसतो तर दुसऱ्या कुणाला तरी सांगितलं असतं. त्याने कदाचित पहिलीच खेप डावीकडे वळवली असती."

दोन हजार आठच्या मार्चमध्ये ते गेले. चर्च अपुरं पडेल म्हणून सगळे विधी जिममध्ये झाले. मिस ऑर्थेलियाने त्यांना मरून टाय बांधला. दारावर नाव आर्टिस सरांचंच आहे. आम्ही शब्द मोडला नाही.

किल्ली आता माझ्याकडे असते. शनिवारी दहा वाजता मी खोली उघडते. परवा डेट्रॉइटची एक बाई आली होती. सदतीसच्या यादीसमोर खूप वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "हे माझे आजोबा. पण नावात एक अक्षर चुकलंय."

मी खुर्ची घेतली, चढले, चौकट खाली काढली आणि तिला विचारलं, "नीट सांगा, कसं लिहायचं?"