परिचयपत्रकातली माझी ओळ

"बूट काढ रे जरा. पाहुण्यांना पाय दाखव."

सर हे म्हणाले तेव्हा मी एकोणतीस वर्षांचा होतो. एम. ए. झालेला. विद्यापीठाच्या नेतृत्व-अभ्यास केंद्रात अध्यापक. अलिबागच्या बंगल्यात आमचं केंद्र होतं. तिथल्या व्हरांड्यात मुंबईहून आलेले सहा-सात पाहुणे शहाळी पीत बसले होते. इतर अध्यापकांची ओळख करून देऊन झाली होती. हे अमक्या कॉलेजात शिकवायचे, यांनी तमक्या विषयावर प्रबंध लिहिला. माझी पाळी आली आणि केंद्राचे संचालक, म्हणजे आमचे सर, हसून म्हणाले, बूट काढ.

मी काढला. मोजाही काढला.

हे लिहिताना अजून कान तापतात. माझा हात कुणी पिरगळला नव्हता. मी आपण होऊन टाच वर केली आणि मिठानं पडलेल्या भेगा दाखवल्या. एक बाई वाकून बघत म्हणाल्या, "अगं बाई, दुखत नाही का?" उत्तर सरांनी दिलं, "त्यांना सवय असते." त्यांना! मी दोन हातांवर बसलेला असताना.

सर परके असते तर मी थुंकून मोकळा झालो असतो. पण ते परके नव्हते, तीच तर गोची होती.

आमचं घर पेणकडे, खाडीच्या काठाला. खारात, म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेल्या जमिनीत, थोडी भातशेती, आणि पाऊस सरला की अख्खं घर मिठागरावर मजुरीला. आगऱ्याचं पोर कॉलेजात गेलं याचंच गावाला अप्रूप. मुंबईच्या कॉलेजात सरांनी मला शिकवलं. पुस्तकं दिली, चुका दुरुस्त केल्या, पाठीवर हात ठेवला. एकदा आमच्या घरी जेवायलाही आले. आईनं सुक्या बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी वाढली. ते बोटं चाटून जेवले आणि आईला म्हणाले, "हा माझाच मुलगा समजा." आईनं ते वाक्य गावभर सांगितलं. मीही मनात जपून ठेवलं. वेडाच होतो.

जिल्हा परिषदा नुकत्याच झाल्या होत्या. गावोगावचे सरपंच, पंच यांना पुढारपण शिकवायला हे केंद्र निघालं. सर म्हणाले, "तुझ्यासारखा माणूस मला हवाच." मी गेलो. पहिलं काम त्यांनीच दिलं. खारातल्या गावांत पुढारी कसा ठरतो, ते शोधून लिही.

आता हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. समुद्राच्या उधाणानं बांध फुटला, म्हणजे खांड पडली, की घरटी एक माणूस धावतो. ओहोटी आहे तोवर पेंढा आणि चिखल टाकून खांड बुजवायची. नाहीतर खारं पाणी शेतात शिरतं आणि दोन-तीन वर्षं भात पिकत नाही. अशा वेळी पंच नाही, पाटील नाही. जो पहिला खांडीत उतरतो त्याचा शब्द सगळ्यांनी ऐकायचा. मग तो कुणी का असेना. बांध उभा राहिला की त्याचा हुकूमही संपला.

आमचे शेजारी जोमादादा असे तीनदा उतरले होते. मी सात महिने बांधांवर फिरलो, पण त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटली. एका खांडीच्या वेळी खोताचा कारभारी छत्री घेऊन बांधावर उभा राहून सूचना देत होता. जोमादादा छातीभर पाण्यातून ओरडले, "छत्री ठेव न् घमेलं धर!" आणि कारभाऱ्यानं धरलं. मी जोमादादांना शब्द दिला, की हे तुमच्या नावानं पुस्तकात येईल. ते म्हणाले, "माजा नाव र्‍हाऊ दे. पन खरा लिव."

मी खरं लिहिलं. एकशे चाळीस पानं, हातानं. सरांनी वाचून शाबासकी दिली.

पाहुणे येऊन गेल्यावर आठवड्यानं केंद्राचं छापील परिचयपत्रक आलं. अध्यापकांची पार्श्वभूमी असं वर लिहिलेलं. एकाला नामांकित वकिलांचं घराणं आणि त्याची पदवी, एकाला विलायतेतलं शिक्षण, तिसऱ्याला वडिलांची रावसाहेबकी. शेवटी मी. "मीठकामगार कुटुंबातील. क्षेत्रकार्यात मदत करतात." एवढंच. माझी पदवी नाही, माझा अभ्यास नाही, अध्यापक हा शब्दही नाही.

छापखान्याची चूक असणार, असं समजून मी सरांकडे गेलो. खरंच तसं समजलो होतो.

ते म्हणाले, "अरे, पदव्या काय, सगळ्यांनाच असतात. तुझी पार्श्वभूमी हीच तुझी पदवी."

"मग वकिलांच्या मुलाची पदवी का छापली, सर?"

ते चष्मा पुसत राहिले. त्यांच्या टेबलावर एक नवा अहवाल पडला होता. वर बांधाचं चित्र, खाली सरांचं नाव. शेवटच्या पानावर 'स्थानिक माहितगारांचे आभार'. मी पानं उलटत गेलो. वाक्यं माझी होती. फक्त कारभारी बदलला होता. आता म्हणे खोतांच्या कारभाऱ्याच्या मार्गदर्शनाखाली गावकरी बांध सावरतात. छत्री नाही, घमेलं नाही, जोमादादा नाहीत.

केंद्राचा बंगला एका खोत घराण्यानं दिलेला होता. मग मला सगळं समजलं. नुसतं माझं नाव चोरलं असतं तर मी कदाचित गप्प बसलो असतो, कारण आम्हाला तशी सवय लावलेली असते. पण आमच्या माणसांनी जीव घालून उभा केलेला बांध त्यांनी छत्रीवाल्याच्या पदरात टाकला. आणि आईच्या हातचं बोटं चाटून जेवलेल्या माणसानं टाकला. त्या दिवशी मला रडू आलं. बाप मेल्यावरही इतकं आलं नव्हतं.

तरी मी आठ दिवस तोंड उघडलं नाही. हेही लिहायला हवं.

मग खारातल्या पंचांची तुकडी शिकायला आली. जोमादादा त्यात होते. धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी, दुसऱ्या बाकावर. मला बघून त्यांनी शेजारच्याला कोपरानं ढोसलं, "यो आमचा मास्तर." सर स्वतः शिकवत होते. अहवालातलं नेतृत्वाचं प्रकरण. कारभाऱ्यानं माणसं कशी लावली, कशी शिस्त ठेवली. बाकांवर चुळबुळ सुरू झाली. जोमादादा उभे राहिले.

"साहेब, आसा न्हाय व्हत."

सर हसले. मग माझ्याकडे हात केला. "हे तुमच्यातलेच आहेत ना? त्यांनीच ही माहिती आणली. विचारा त्यांना. सांग रे, बरोबर आहे ना?"

फक्त हो म्हणायचं होतं. मला तिथं आणून ठेवलं होतं ते याच एका होसाठी. वर्गातल्या चाळीस माणसांनी माझ्याकडे वळून पाहिलं. जोमादादा बसले नव्हते.

मी म्हणालो, "नाही. हे खोटं आहे. मी असं लिहिलं नव्हतं."

मग मी जे लिहिलं होतं ते सगळं सांगितलं. उभ्यानं, घंटा होईपर्यंत. सर मधेच निघून गेले.

संध्याकाळी त्यांनी खोलीत बोलावलं. "तुला इथं कुणी आणलं?"

"तुम्ही."

"मग त्याची ही परतफेड? माफी लिहून दे. नाहीतर राजीनामा."

"दोन्ही देणार नाही. मला काढायचं असेल तर काढा, पण कारण लेखी द्या. खरं सांगितलं म्हणून काढलं, असं लिहा."

ते कारण कुणी लिहिलं नाही. नोकरी राहिली, पण माझे सगळे तास काढून घेतले. सहकारी चहाला बोलवेनासे झाले. आई म्हणाली, "माफी मागून टाक रं, देवमानूस हाय त्यो." तिला मी अहवाल वाचून दाखवला. त्यानंतर सरांचं नाव आमच्या घरात पुन्हा निघालं नाही.

मी अभ्यास नव्यानं लिहून काढला. खांडीत उतरलेल्या एकेका माणसाचं नाव त्यात घातलं, बायकांचीही. जोमादादांचं त्यांना न विचारता घातलं. केंद्र तो छापणार नाही, हे मला कळवण्यात आलं. न छापू देत. सुट्टीच्या दिवशी मी वही घेऊन खारातल्या गावांत जातो, देवळापुढं बसून मोठ्यानं वाचतो. कुठं चूक असेल तर लोक तिथल्या तिथं उठून सांगतात आणि मी दुरुस्त करतो.

सरांना मी माफ केलेलं नाही. करणार नाही. त्यांनी शिकवलं ते मी विसरलो नाही, पण त्याबद्दल गप्प बसण्याचं देणं मी लागत नाही.

येत्या रविवारी केंद्राला बंगला देणाऱ्या खोतांच्याच गावात वाचन आहे. येऊ नका, असा त्यांच्या वाड्यातून निरोप आलाय. मी कळवलंय, चार वाजता सुरू करतो.