पहिल्या नंबरचा पिक्चर

ज्योत्स्नाला भुताचे पिक्चर आवडतात हे मला तिच्या लसीकरणाच्या वहीवरून कळलं. मी शिरपूर तालुक्यात गटप्रवर्तक आहे. वीस-बावीस गावांतल्या आशाताईंचं काम बघायचं, त्यांच्या वह्या तपासायच्या, ही माझी नोकरी. गेल्या वर्षी जानेवारीच्या बैठकीत सागमाळच्या आशाताईची, ज्योत्स्नाची, वही उघडली, तर शेवटच्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, ‘२०२४. बघितले अकरा. चांगले पाच.’ खाली पाच पिक्चर आणि प्रत्येकापुढे एक ओळ. विहिरीच्या पिक्चरपुढे होतं, ‘भूत दिसतच नाही, नुसता दोर ओढला जातो. म्हणून चांगला.’ दुसऱ्या एका पिक्चरला तिनं पाचवं ठेवलं होतं, कारण ‘आवाज फार. माणूस घाबरत नाही, दचकतो.’

मला वाटलं, ती ओशाळेल. ती ओशाळली नाही. उलट मी कुठले बघितलेत ते विचारलं.

ज्योत्स्ना पावरा, वय बत्तीस. आश्रमशाळेत बारावीपर्यंत शिकलेली. नवरा सुरतेला कामाला, घरी दोन लेकरं आणि शेजारी दीर, प्रकाश. सागमाळ म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याचा साठ घरांचा पाडा. तिथं मोबाइलला रेंज नाही, शाळेमागच्या टेकडीवर चढलं तर मिळते. म्हणून बैठकीच्या दिवशी ती आरोग्य केंद्राच्या ओट्यावर बसून महिन्याभराचे पिक्चर उतरवून घ्यायची. आश्रमशाळेत असताना मुली अंधारात एकमेकींना गोष्टी सांगायच्या, तेव्हापासूनची ही आवड. भीती कशी तयार करतात ते बघायला तिला आवडायचं.

एक नंबरला होता तो कंगव्याचा पिक्चर. दक्षिणेकडचा, हिंदीत आवाज भरलेला. गावाच्या टोकाला राहणारी म्हातारी दारात बसून केस विंचरते, आणि जिच्या डोक्यावरून तिचा कंगवा फिरतो ती पोर दिवसेंदिवस पिवळी पडत जाते. पुढे तिनं लिहिलं होतं, ‘म्हातारी पूर्ण पिक्चरमध्ये एक शब्द बोलत नाही. म्हणून एक नंबर.’ मी तो तिच्याकडून घेतला आणि धुळ्याला आईकडे गेले तेव्हा भर दुपारी बघितला. मध्येच उठून दाराची कडी लावून आले. आईनं अहिराणीत विचारलं, “काय शे त्यामा एवढं?”

ज्योत्स्नानं तो पाड्यातही दाखवला. प्रकाशच्या घरी मोठा टीव्ही आहे, त्यावर. आधी बायकांना, मग बायकांनी सांगितलं म्हणून पुरुषांना, आणि एकदा पोरांनी हट्ट धरला म्हणून पोरांना. आठवड्यात तीनदा. तिला तेव्हा बरंच वाटलं होतं. इतक्या दिवसांनी तिच्या आवडीची गोष्ट सगळ्यांना आवडली होती.

पाड्याच्या टोकाला दिवालीबाई राहते. साठीची, विधवा. एकुलती मुलगी लग्न होऊन सेंधव्याला गेलेली. पाड्याला आशाताई नव्हती तेव्हा इथली बाळंतपणं तीच करायची; ज्योत्स्नाची थोरलीही तिच्याच हातची. सकाळी उन्हाला ओट्यावर बसून केस विंचरायची तिची सवय. येणाऱ्या-जाणाऱ्या पोरींना बोलावून त्यांच्या उवाही काढून द्यायची.

पिक्चरनंतर पोरं तिच्या दारावरून पळत जायला लागली. पहिले काही दिवस तो खेळ होता. मग पाड्यातल्या तेरसिंगची मुलगी मेघा आजारी पडली.

मेघा आठ वर्षांची. अंगात ताप, हातपाय दुखतात म्हणून रडणं, आणि डोळे पिवळे. त्याआधी चारच दिवस दिवालीबाईनं तिच्या उवा काढल्या होत्या. ज्योत्स्ना दोनदा त्यांच्या घरी गेली, मुलीला दवाखान्यात न्या म्हणून सांगितलं. तिला सिकलसेलची, या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, शंका होती. दिवाळीआधी तपासणी झाली तेव्हा हे कुटुंब मजुरीला बाहेर असल्यानं मेघाचं रक्त तपासायचं राहिलं होतं. तेरसिंगनं तिला दारातूनच परत पाठवलं. म्हणाला, “दवाखान्याचं दुखणं नाही हे. तूच तर दाखवलं आम्हाला.”

रविवारी सकाळी पावणेनऊला मला तिचा फोन आला. टेकडी चढल्यामुळे धाप लागली होती. आज अकराला पाड्यातले लोक दिवालीबाईच्या दारात जमणार होते. ‘डाकीण’ हा शब्द तिनं फोनवर उच्चारला नाही, पण मला तो कळला. आमच्या डोंगरपट्ट्यात अशा बाईचं पुढं काय होतं हे मी नोकरीत दोनदा बघितलंय. एकीला परागंदा व्हावं लागलं. दुसरीबद्दल मी इथं लिहीत नाही.

मी तिला सांगितलं, घरात थांब, लेकरांना आत घे, मी पोलीस आणि गाडी घेऊन येते. कायदा आहे, तो त्यांना बघू दे. ती म्हणाली, “मॅडम, पिक्चर मी आणला.” आणि फोन बंद झाला.

शिरपूरहून सागमाळ सव्वा तासाचं आहे, रस्ता नीट असला तर. पोलीस ठाण्यात सांगून, डॉक्टरांना फोन करून रुग्णवाहिका निघेपर्यंत पावणेदहा वाजले. एक हवालदार माझ्या शेजारी बसला होता, जीप मागून येणार होती. मी सतत फोन लावत होते आणि तो लागत नव्हता. घाट सुरू झाल्यावर माझीही रेंज गेली.

तिकडे काय चाललं होतं ते मला नंतर ज्योत्स्ना आणि प्रकाश दोघांनी सांगितलं. लोक अकराची वाट न बघता साडेदहालाच जमले. तीस-चाळीस माणसं, काहींच्या हातात काठ्या. तेरसिंग पुढे. त्याची बायको गुलीबाई मेघाला मांडीवर घेऊन आंब्याखाली बसलेली. दिवालीबाई ओट्यावर होती. ती आत पळाली नाही, काही बोललीही नाही. तिच्या तोंडाला कोरड पडली होती, पण लोकांना ती गप्पच दिसली, पिक्चरमधल्या म्हातारीसारखी.

प्रकाशनं ज्योत्स्नाचा हात धरून ठेवला होता. ती तो सोडवून पुढे गेली. आधी तिनं बोलून बघितलं. तो पिक्चर खोटा आहे, ती बाई पगारी नटी आहे, डोळे रंगवलेले आहेत. कुणी ऐकलं नाही. मागून एकजण म्हणाला की खोटा असेल तर मेघा पिवळी कशी पडली. दुसरा म्हणाला, हिलाही धरा, हिनंच शिकवलं म्हातारीला. तेरसिंग ओट्याची पायरी चढला.

तेव्हा ज्योत्स्ना त्याच्या आणि दिवालीबाईच्या मध्ये ओट्यावर बसली. दिवालीबाईकडे पाठ केली आणि केस सोडले.

“काकी,” ती म्हणाली, “माझे केस विंचर.”

आम्ही पोचलो तेव्हा मला दिसलं ते असं. वळणावरून गाडी आली तर अख्खा जमाव उभा, आणि कुणाचाही आवाज नाही. हवालदारानं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, उशीर झाला. मी दार उघडून धावले. माणसांच्या खांद्यांमधून ओटा दिसला. दिवालीबाईच्या हातातला लाकडी कंगवा ज्योत्स्नाच्या केसांतून हळूहळू खाली येत होता. ज्योत्स्ना समोर तेरसिंगकडे बघत होती. सगळे तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, काहीतरी होण्याची वाट बघत. मीही. मला हे लिहायला लाज वाटते, पण मीही.

किती वेळ गेला सांगता येत नाही. कंगवा अडकत होता, दिवालीबाई गुंता सोडवत होती. तेरसिंग पायरीवरच होता. पुढे येत नव्हता, मागेही जात नव्हता.

हलली ती गुलीबाई. तिनं रुग्णवाहिका बघितली. नवऱ्याला काही विचारलं नाही. मेघाला खांद्यावर घेऊन ती गर्दीतून निघाली. एकानं तिला अडवायला हात पुढे केला, हवालदारानं तो खाली केला. गाडीत बसल्यावर ती मला एवढंच म्हणाली, “चला.” गाडी सुरू झाली तसा तेरसिंग काठी टाकून पळत आला आणि मागून चढला. जीपमधले पोलीस उतरले, तोवर निम्मे लोक पांगले होते.

मेघाला सिकलसेलच निघाला. तालुक्याहून धुळ्याला न्यावं लागलं, रक्त द्यावं लागलं. नऊ दिवसांनी ती घरी आली.

त्या दिवशी मी मागे थांबले होते; पोलिसांच्या जीपमधून परतताना ज्योत्स्ना माझ्याबरोबर शिरपूरपर्यंत आली, जबाब द्यायचा होता म्हणून. वाटेत म्हणाली, “मॅडम, पहिल्यांदा कंगवा डोक्याला लागला ना, तेव्हा मला भीती वाटली. लोकांची नाही. तिची.” पुढं म्हणाली, की पिक्चर चांगलाच होता, त्याला खाली आणणं खोटेपणा होईल. पण म्हाताऱ्या बाईला एक शब्द बोलू द्यायचा नाही, ही पिक्चर बनवणाऱ्यांची युक्ती आपण ओळखली आणि तिलाच नंबर दिला. पुढचे सहा-सात महिने तिनं एकही पिक्चर बघितला नाही. आता बघते, पण पाड्यात दाखवत नाही.

दिवालीबाईनं पोलिसांना एकाचंही नाव सांगितलं नाही. माझ्या दारात कुणी आलं नव्हतं, म्हणाली. मला राग आला. नंतर एकटी गाठून मी तिला विचारलं, तर ती म्हणाली, “ताई, मला इथंच मरायचंय. सगळ्यांची नावं घेतली तर पाणी कुणाच्या हातचं पिऊ?” ज्योत्स्नाच्या आणि माझ्या जबाबावर पोलिसांनी तेरसिंगसह चौघांना समज दिली, लिहून घेतलं. तेवढंच झालं. दिवालीबाई महिनाभर मुलीकडे सेंधव्याला राहिली आणि होळीआधी भरणाऱ्या भोंगऱ्याच्या बाजाराला आपणहून परत आली.

तेरसिंगनं माफी मागितलेली नाही. तो अजून दिवालीबाईच्या घरावरून जात नाही, नाल्याकडून वळसा घालून शेताला जातो. पण दर महिन्याच्या गोळ्या घ्यायला तो स्वतः ज्योत्स्नाकडे येतो आणि एक महिना चुकवलेला नाही. थंडीत मेघाचे सांधे धरतात. तेव्हा तो कामावर गेला की गुलीबाई पोरीला घेऊन पाड्याच्या टोकाला जाते, आणि दिवालीबाई ओट्यावर बसून तिच्या गुडघ्यांना मोहाचं तेल चोळून देते.