फणसाची वकील

मंडळी, आज सकाळी गिरीजला बाबांकडे गेलो होतो. अंगणातल्या फणसाला यंदाही फळ धरलं नाही.

अशा झाडाला आमच्याकडे धमकावतात. एकाने कोयता उगारायचा, दुसऱ्याने झाडाची बाजू घ्यायची. दरवर्षी बाबा कोयता उगारायचे आणि आई आडवी यायची.

"अहो, नका तोडू. पुढच्या वर्षी देईल!"

"आली फणसाची वकील!" म्हणत बाबा हसायचे.

आई दिवाळीत गेली.

आज बाबांनी कोयता उगारला आणि तसेच उभे राहिले. शेवटी माझ्याकडे न बघता म्हणाले, "अरे, बोल की काहीतरी."

"बाबा, नका तोडू. पुढच्या वर्षी देईल."

त्यांनी कोयता खाली ठेवला.

"तिला खरंच वाटायचं रे, पुढच्या वर्षी देईल म्हणून."

तुमच्याकडे झाडाची बाजू आता कोण घेतं?