बुशातल्या तेलाचं गणित

मेलेल्या नातीचा मेसेज मला रोज दोनदा येतो.

सकाळी गिरणी सुरू केली की, "आजी, उचललं."
संध्याकाळी बंद केली की, "आजी, टेकलं."

आज सोनीला जाऊन वर्ष झालं. फोटोला हार घातला. रडणारे रडले, जेवले, गेले. आता मला सांगायचंय ते वाचा.

सोनी माझ्या दत्ताची मुलगी. इंजिनिअर. नगरला पीएचडी करत होती. विषय काय, तर बेअरिंगमधलं तेल.

मी म्हटलं, "एवढं शिकून तेलच घालायचंय व्हय? ते मी चौथी नापास होऊन घालतेच हाय की."

हसली. म्हणाली, "आजे, तुला म्हाईत हाय का, तुझा शाफ्ट बुशाला लागतच न्हाई."

घोडेगावात आमची पिठाची जुनी गिरणी आहे. जात्याचा शाफ्ट पितळी बुशाच्या कड्यात फिरतो, बुशावर तेलाची कुपी. सोनीनं समजावलं, शाफ्ट फिरायला लागला की तेलाला ओढून खालच्या अरुंद फटीत कोंबतो. तिथं तेलाचा दाब एवढा वाढतो की एवढं जड लोखंड वर उचललं जातं. केसाहून कितीतरी बारीक पापुद्र्यावर तरंगतं. थांबलं की खाली टेकतं.

चाळीस वर्षं मी त्या शाफ्टाशेजारी उभी आहे.
तो अधांतरी आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं.


तिनं बुशाला एक डबी बसवली. शाफ्ट बुशापासून किती वर आहे ते डबी मोजायची, आणि तेवढाच आकडा तिच्या गणितानं यायला हवा. लॅपटॉपवर तिनं त्या तेलाच्या बारीक बारीक चौकटी पाडलेल्या. एकेका चौकटीत दाब किती ते काढायची. चित्रात मधोमध, दाब जास्त तिथं, लाल कुबड दिसायचं.

शाफ्ट उचलला, टेकला की डबीच मला मेसेज करते. डबीत तिचं जुनं सिमकार्ड. म्हणून मेसेज तिच्या नावानं येतो. रिचार्ज मी मारते.

वर्षभर दोन्ही आकडे जुळायचे. दसरा झाला की बिघडायचे. दोन वर्षं हेच. तेलाचा पापुद्रा गणितापेक्षा पातळ निघायचा.

"आजे, डब्यातलंच तेल घालतीस ना?"
"मग काय दूध घालू?"
"दुसरं काई न्हाई ना?"
"न्हाई म्हटलं ना एकदा. तुझंच गणित बघ."

बघितलं तिनं. दिवाळीची सगळी सुट्टी बघितलं. फराळाला हात लावला नाही. शेवटी वही मिटली आणि म्हणाली, "माझंच चुकतंय. दोन वर्षं फुकट गेली."

दिवाळीनंतर डेंगी झाला.
सहाव्या दिवशी गेली.

गेली त्या दुपारी आम्ही सगळे दवाखान्यात. गिरणीला कुलूप, मेन स्विच मी माझ्या हातानं पाडून आलेली. कमरेचा मोबाईल वाजला.

"आजी, उचललं."

दत्ता डॉक्टरांशी बोलत होता. मी कुणाला दाखवलं नाही.

घरी आल्यावर आधी गिरणी उघडली. स्विच पडलेला. पट्ट्यावर पिठाची धूळ जशीच्या तशी, एक वळसासुद्धा फिरलेला नाही. शाफ्टाला हात लावला. गार.

तिचे सर नंतर म्हणाले, "आजी, सेन्सर कधी कधी चुकतो."
चुकत असेल.

दत्ता मागं लागला. "आई, काढ ती डबी. मला बघवत न्हाई."
"तू नको बघू. मेसेज मला येतो."

यंदा खंडेनवमीला गिरणीची पूजा केली, दरवर्षीसारखी. त्यानंतर चौथ्या दिवशी, भर दुपारी, बाजरीच्या डब्यांची रांग लागलेली, गिरणी जोरात. मेसेज आला.

"आजी, टेकलं."

फिरत असताना.

बुशाला हात लावला, रोजच्याएवढाच कोमट. आवाज ऐकला, तोच. कुपी भरलेली. मी तिथंच उभी.

शेजारची यमुना म्हणाली, "मावशे, काय झालं? भूत दिसलं का काय?"
"तुझंच तोंड दिसलं," म्हटलं आणि स्विच पाडला.

बुश उघडला. तेलाच्या भोकात हळदीकुंकवाचा गोळा घट्ट बसलेला, तेल खाली उतरतच नव्हतं. खालच्या पितळेवर ओरखडा, ताजा, नखाएवढा.



दर खंडेनवमीला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, मी बुशाला हळदकुंकू वाहते आणि कुपीत पळीभर करडीचं तेल सोडते. नैवेद्य. सासू सोडायची, म्हणून मी. पोरीनं दोनदा विचारलं, दुसरं काही घालतेस का. मी खोटं बोलले नाही. देवाला वाहिलेलं मी तेलात धरलंच नव्हतं.

सरांना फोन केला. पळीचं सांगितलं. मग म्हणाले, "आजी, ती पळी घेऊन या."

पळी नेली. डब्यातलं तेल नेलं, करडीचं नेलं. त्यांनी दोन्ही मिसळून ते किती पातळ होतं ते काढलं आणि सोनीच्या गणितात घातलं. बाकी एक अक्षर बदललं नाही.

जुळलं. दोन्ही दसऱ्यांचं जुळलं.

सर चष्मा पुसत म्हणाले, "तिचं कुठंच चुकलेलं नव्हतं हो."

आता ते काम तिच्या नावानं छापायला पाठवलंय. पळीचं मापही त्यात आहे. मी म्हटलं, ते कुणी घातलं त्या बाईचं नावपण लिहा. सर नको म्हणाले. म्हणून इथं लिहिते, सगळ्यांनी वाचा. ती हुशार होती म्हणून हळहळता ना? ती बरोबरपण होती. आणि ती चुकली असं मानून गेली, ते माझ्यामुळं.

सोने, गणित तुझं खरं होतं. चूक आजीची.

नीट जा.