घाबरू नको व माय

"घाबरू नको व माय, पन..."

एक हात चौकटीवर आणि दुसरा छातीवर ठेवून आमच्या गल्लीतल्या अक्का दारात उभ्या राहायच्या, एवढंच म्हणायच्या आणि थांबायच्या. त्या 'पन'च्या पुढे काय आहे हे कळायच्या आत ऐकणारीच्या पायांतलं बळ गेलेलं असायचं. मग अक्का म्हणायच्या, "जरा पानी दे."

तांब्याभर पाणी त्या सावकाश प्यायच्या. पदराने तोंड पुसायच्या. तांब्या खाली ठेवायच्या. आणि मग सांगायच्या, "तुना भाऊना फोन ऊना व्हता. पापड पोचले का, इचारत होता."

ऐंशीच्या दशकातलं जळगाव. आमच्या गल्लीत टेलिफोन होता तो फक्त अक्कांकडे. त्यांचे यजमान केळीचे व्यापारी होते, त्या धंद्यासाठी घेतलेला. यजमान गेले, धंदा बंद झाला, फोन तेवढा राहिला. अख्ख्या गल्लीने तो नंबर आपापल्या नातेवाइकांना देऊन टाकला होता. लग्नपत्रिकेवरसुद्धा छापायचे लोक. अक्कांना विचारायची गरज कुणाला वाटत नसे आणि त्यांनीही कधी नाही म्हटलं नाही. फोन वाजला की घ्यायचा, निरोप ऐकायचा आणि चपला न घालताच ज्याचं त्याचं घर गाठायचं, हे काम जणू त्यांच्यावर सोपवलेलंच होतं.

तुमच्याही गल्लीत असा एक फोन असेल, आणि तो सांभाळणारं एखादं माणूस. त्या माणसाचा राग तुम्हालाही आला असेल. आम्हाला तर अक्कांचा फार राग यायचा.

समोरच्या नानांना हृदयाचा त्रास होता. त्यांचा मुलगा नाशिकला नोकरीला, त्याचा दर आठवड्याला फोन. नानांच्या बायकोने अक्कांना बजावून ठेवलं, "तुम्ही एकदम घरात येऊन असं बोलत जाऊ नका हो. यांना झेपत नाही. लांबूनच काय ते सांगत जा." अक्कांनी ऐकलं. पुढच्या वेळी त्या रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, "नाना, घाबरू नका!" दोन्ही बाजूंची दारं धडाधड उघडली. कुणाच्या हातात लाटणं, कुणाच्या कडेवर पोर. नाना बिचारे बनियनवर बाहेर आले तर अंगणात निम्मी गल्ली जमलेली. मुलाने फोन केला होता तो नातवाला दात आला म्हणून.

शेवटच्या घरातल्या मुलीला बघून गेलेल्या लोकांचा होकार आला, तोही अक्कांच्याच तोंडून. त्या पाणी पिऊन होईपर्यंत मुलीच्या आईने पदर डोळ्यांना लावला होता. पसंती कळल्यावर ती हसायची सोडून अक्कांवरच चिडली, "अहो, आनंदाची बातमी आहे ना! मग तशी सांगा की!"

"तेच तर सांगते," अक्का म्हणाल्या. "घाबरू नको म्हनलं ना मी?"

माझी गोष्ट जरा वेगळी होती. बाकीच्यांना वैताग यायचा, मला भीती वाटायची. आमचे हे वायरमन. विजेच्या खांबावर चढायचं काम. लग्न होऊन मी पाचोऱ्याहून जळगावला आले तेव्हा मला त्यातलं काही कळत नव्हतं. एकदा डबा द्यायला गेले आणि ह्यांना खांबावर पाहिलं. कमरेला पट्टा, पायाखाली काही नाही, डोक्यावर तारा. हे वरून हसले आणि हात हलवला. मी डबा खाली ठेवला आणि मागे वळूनही न बघता घरी आले. त्यानंतर ह्यांची सायकल गल्लीच्या तोंडाशी वाजेपर्यंत माझं कशात लक्ष लागत नसे. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. रोजच्या कामाची रोज भीती वाटते, हे सांगायचं तरी कसं?

आणि अशा बाईच्या दारात अक्का येऊन म्हणणार, "घाबरू नको व माय, पन..."

एकदा मी पाणी आणायला गेले ती स्वयंपाकघरातच भिंतीला टेकून बसले. बाहेरून अक्का हाका मारतायत आणि मला ओ देता येत नाही. शेवटी त्या आत आल्या, माझ्याकडे पाहून त्यांचाच चेहरा उतरला. "अव, तुनी मावशी यी ऱ्हायनी उद्या! तेवढंच शे!"

त्या दिवशी मी बोलले. "अक्का, तुमच्या पाया पडते. ते 'घाबरू नको' म्हणत जाऊ नका. जे असेल ते सरळ सांगत जा."

"बरं," अक्का म्हणाल्या. खरंच मनावर घेतलं त्यांनी. पुढच्या निरोपाला त्या आल्या त्या काही न बोलता नुसत्या दारात उभ्या राहिल्या आणि हसल्या. अक्का उगाच हसणाऱ्या नव्हत्या. ते हसू पाहून माझ्या हातातली कपबशी सुटली.

"काय झालं? बोला ना!"

"तूच म्हनलीस ना, घाबरू नको म्हनू नका. मंग काय म्हनू, ते इचार करत होते."

मी तुकडे गोळा करता करता रडले आणि हसलेही. "तुमचं जुनंच बरं होतं," म्हटलं.

त्यामुळे तेच चालू राहिलं. हळूहळू माझ्या ध्यानात आलं, की अक्का ते वाक्य बोलल्या की बातमी साधी असते. वाक्य ऐकलं की धस्स व्हायचंच, पण धस्स झाल्याबरोबर मी स्वतःला समजावायचे, पापड असतील, मावशी असेल. माझी मुलगी झाली, रांगायला लागली, तोपर्यंत मला त्या भीतीची थोडी सवय झाली होती.

मग ती उन्हाळ्यातली दुपार आली. आकाश तांबडं झालं आणि बघता बघता वादळ सुटलं. आमच्याकडचं वादळ म्हणजे आधी धूळ, मग पत्रे. कुणाच्या छपराचा पत्रा रस्त्यावरून घासत गेला. दिवे गेले. तासाभराने वारा पडला तेव्हा शेजारच्या बायका सांगू लागल्या, तापीकडच्या केळीच्या बागा आडव्या झाल्या, खांब पडले. माझ्या डोळ्यांपुढे खांब आला. हे सकाळीच तिकडच्या गावांना गेले होते.

मी मुलीला निजवलं आणि दार उघडं टाकून उंबऱ्यात बसले. अक्कांच्या घरात फोन वाजला. आमच्या घरापर्यंत ती घंटी ऐकू यायची. वाजली, थांबली. मी रस्त्याकडे पाहत होते. कुणी आलं नाही. म्हटलं, दुसऱ्या कुणाचा असेल.

तेवढ्यात मागच्या दाराची कडी वाजली.

अक्का मागच्या दाराने आल्या होत्या. छातीवर हात नव्हता. पाणी मागितलं नाही. म्हणाल्या, "जेवन व्हयनं का तुनं?"

"नाही अजून."

"मंग वाढी ले. मी बसते."

त्यांनी स्वतःच डबा उघडला. सकाळच्या भाकरी होत्या, वांग्याची भाजी होती. ताट केलं आणि माझ्यापुढे सरकवलं. मला समजलं. कसं समजलं ते सांगता येणार नाही, पण त्या काही बोलल्या नाहीत यावरूनच समजलं. विचारायला तोंड उघडावं तर विचारलं की खरं होईल असं वाटे. मी घास तोडला. तोंडात घातला. तो फिरत राहिला. अक्का माझ्याकडे बघत नव्हत्या, निजलेल्या मुलीच्या अंगावरचं पांघरूण नीट करत होत्या, नीट होतं तरी परत परत करत होत्या.

"आखो दोन घास खाई ले," त्या म्हणाल्या.

मी खाल्ले. इतकी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही नाही. घरात माशी फिरत होती, तिचा आवाजसुद्धा मोठा वाटत होता. मी पाणी प्यायले, हात धुतला, तेव्हा अक्का उठून माझ्यासमोर आल्या. माझे दोन्ही ओले हात त्यांनी धरले.

"जित्ता शे," त्या म्हणाल्या. "पहिलं ते ऐक. जित्ता शे. खांब पडना, त्यानासंगे खाले उना. दवाखान्यात नेलंय. चाल, चप्पल घाल."

मुलीला नानांच्या बायकोकडे दिलं. रस्त्यावर झाडं पडलेली, एक रिक्षा मिळेना. साठीच्या अक्का, ज्यांना मी कधी परक्या माणसाशी मोठ्याने बोलताना पाहिलं नव्हतं, त्या एका टेम्पोच्या पुढे दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या. ड्रायव्हर शिव्या देत थांबला. आम्ही मागे चढलो. टेम्पोत मोडकी केळीची पानं होती, त्यावर बसलो. अक्कांनी माझा दंड धरला होता. त्याचे वळ मला दुसऱ्या दिवशी दिसले.

ह्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं, बरगड्याही. शुद्ध होती. मला पाहून म्हणाले, "जेवलीस का?" मी हो म्हटलं. तेवढंच आम्ही बोललो.

वाचले. पुढे कित्येक आठवडे दवाखाना चालला, चालताना पाय जरा ओढू लागले, आणि खात्याने त्यांना तक्रारी घ्यायच्या टेबलावर बसवलं. खांबावर ते परत चढले नाहीत. लोक हळहळायचे. मी आतून देवाचे आभार मानायचे.

त्या दवाखान्याच्या दिवसांत एका दुपारी अक्का आणि मी व्हरांड्यात बसलो होतो. मी विचारलं, "त्या दिवशी तुम्ही 'घाबरू नको' का नाही म्हणालात?"

अक्कांनी आपल्या यजमानांचं सांगितलं. केळीचा माल दिल्लीला निघाला होता, त्याच्याबरोबर तेही गेले होते. वाटेत कुठल्याशा स्टेशनवर छातीत कळ आली. फोन घरी आला, तेव्हा अक्का एकट्या होत्या. पलीकडचा कोणी अनोळखी माणूस, हिंदीत बोलणारा. म्हणाला, तुमचा माणूस गेला, घ्यायला या. आणि फोन ठेवून दिला. अक्का रिसीव्हर कानाला धरून उभ्या. त्यांना वाटलं, तो अजून काही बोलेल.

"तवापासून ती घंटी वाजली का मन्ही छाती धडधड करस," अक्का म्हणाल्या. "कोनाबी फोन राहो. उचलापर्यंत वाटस, आते काय ऐकू. मंग तुमनाकडे पळत येस. सगळा रस्ता मी माले सोताले सांगस, घाबरू नको, घाबरू नको. तुना दारात येईपर्यंत तेच तोंडात राहस."

"आणि पाणी?"

"तहान लागस व! घसा कोरडा पडस."

आम्ही सगळे त्यांच्यावर चिडायचो, आणि आमच्यापेक्षा जास्त घाबरलेल्या त्याच असायच्या. ज्या वस्तूची इतकी धास्ती ती घरातून काढून का टाकली नाही, असं मी विचारलं. त्यांनी मला वेड्यात काढलं. "मंग तुमना निरोप कोन सांगतीन?"

"पण त्या दिवशी?"

"त्या दिवशी माले भेव वाटाले सवडच नव्हती," त्या म्हणाल्या. "तुले खाऊ घालनं होतं."

नव्वदच्या पुढे चौकाचौकात टेलिफोनचे पिवळे बूथ आले. मग एकेका घरात फोन. नानांकडे आला, आमच्याकडे आला. अक्कांचा फोन वाजायचा बंद झाला, आणि कुणाच्या दारात धापा टाकत येणंही. मला वाटलं होतं, अक्का उदास होतील. झालं उलटंच. त्या उन्हाळ्यात त्या मला म्हणाल्या, "आखाजीले माहेरी जाई ऱ्हायनू. तू भी चाल, पोरीले संगे ले."

आखाजी म्हणजे आमच्या खानदेशातल्या लेकीबाळींची दिवाळी. अक्कांचं माहेर सोनगीरच्या पलीकडे. धुळ्याला बस बदलून गेलो. गावाबाहेर मोठा लिंब होता, त्याला जाड दोराचा झोका बांधलेला, आणि भोवती माहेरवाशिणी गाणी म्हणत होत्या. अक्कांनी नऊवारीचा काष्टा घट्ट खोचला आणि सरळ फळीवर उभ्या राहिल्या. त्यांचा म्हातारा भाऊ धावत आला, "अक्का, पडशी व! उतर!" कोण ऐकतंय. दोन पोरींनी झोका दिला. मग अक्का स्वतःच गुडघे वाकवून तो चढवू लागल्या.

अक्का परत जळगावला आल्या नाहीत. भावाने ठेवून घेतलं. पुढच्या पावसाळ्यात, दुपारी आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत, असं नंतर कळलं.

त्या आखाजीच्या दिवशी मात्र संध्याकाळची बस धरायची म्हणून मी मुलीचा हात धरून निरोप घ्यायला झाडाखाली गेले. "अक्का, निघते हो," म्हटलं. त्या वर होत्या, पार फांदीच्या उंचीला, पदर सुटलेला, पांढरे केस उडालेले. मला पाहिलं आणि निरोप द्यायला त्यांनी दोरावरचा एक हात सोडून दिला.

"अक्का, धरा!" मी किंचाळले.

अक्का तोंड उघडून, मोठमोठ्याने हसत होत्या.